सातवी ‘ब’ची तांबडी पानं

सातवी ‘ब’च्या मागच्या भिंतीवर एक तक्ता होता आणि त्या तक्त्यावर पद्मजा मगदूम बाईंचा फार जीव होता. डावीकडे मुलांची नावं आणि नावापुढं तांबड्या टिकल्या. ज्याची कथा ऐंशी टक्क्यांच्या वर तांबडी येईल त्याला एक टिकली. कपाळाला लावायच्याच टिकल्या होत्या त्या, मोठ्या आकाराच्या, बाईंनी स्वतः जयसिंगपूरच्या बाजारातून पाकीटभर आणलेल्या. पोरं त्यांच्यासाठी जिवाचं रान करायची. ज्या वर्गात पूर्वी ‘माझा आवडता पक्षी मोर आहे’ या वाक्याला पूर्णविराम देऊन अर्धी मुलं खिडकीबाहेर बघायची, तिथं आता कथालेखनाच्या तासाला चार-चार पानं भरत होती.

हे तांबडं-निळं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. मागोवा लेखणी सगळ्या शाळांत येऊन दोन वर्षं झाली होती. दिसायला साधं बॉलपेन, जरा जाड. कुठल्याशा गावातल्या एका मुलानं घरी आपल्याला काय भोगावं लागतं ते सगळं निबंधात लिहिलं होतं, गुरुजींनी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढून वही परत दिली होती, आणि पुढं जे झालं ते पेपरात आलं होतं. त्यानंतर ही लेखणी आली.

तिच्यामागचं शास्त्र तसं सरळ होतं. घडलेली गोष्ट आठवून लिहिताना मेंदू त्या गोष्टीतून पुन्हा एकदा चालत जातो आणि हात त्याच्या मागून जातो. गोष्ट रचताना मात्र पावलोपावली फाटे फुटतात. मुलगी विहिरीत पडली की झाडावरून? झाड आंब्याचं की चिंचेचं? दर फाट्यावर हात सेकंदाच्या सहाव्या हिश्शाइतका थबकतो आणि टोकावरचा दाब किंचित उतरतो. लिहिणाऱ्याला हे कळतही नाही. लेखणी मात्र सेकंदाला दोनशे वेळा मोजत असते. ऐंशी हजार मुलांच्या अक्षरावर तिची परीक्षा झाली होती. आठवलेली ओळ शिक्षकांच्या टॅबवर तांबडी दिसायची, रचलेली निळी.

मारणं, कोंडणं, चटके देणं असं काही तांबड्या ओळींत आलं की टॅबवर सूचना वाजायची. शिक्षकानं चोवीस तासांत काही केलं नाही, तर सूचना आपोआप बालरक्षण कक्षाकडे जायची आणि सहा तासांत कक्षाची माणसं त्या घराच्या दारात उभी राहायची. पण शिक्षकाजवळ एक बटण होतं. त्यावर ‘सराव’ असं लिहिलेलं होतं. ते दाबलं, म्हणजे हा मजकूर वर्गातल्या लेखनसरावाचा आहे असं आपल्या सहीनं सांगितलं, की सूचना मिटायची.

इतर शिक्षक या लेखणीला वचकून असत. पद्मजाबाईंनी तिलाच शिकवणीला लावलं. ‘आधी कर, मग लिही’ ही त्यांची जुनीच पद्धत. बुडणाऱ्या माणसावर लिहायचंय? मग आधी बादलीत तोंड बुडवून बघ. चोरावर लिहायचंय? मग स्वतःच्या स्वयंपाकघरात आवाज न करता शिरून ये. लेखणी आल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मुलांना बादलीत तोंडं बुडवायला लावून बुडण्याची कथा लिहून घेतली आणि वर्गाची सरासरी साठ टक्के तांबडी आली. कुणीही कधी बुडालेलं नव्हतं. बाईंना वाटलं, आपल्याला गुरुकिल्ली सापडली. अंगातून आलेली कथा यंत्रालासुद्धा खरी वाटते.

“निळं म्हणजे पोकळ,” त्या मुलांना सांगायच्या. “तांबडं म्हणजे आतनं आलेलं. लेखणीला फसवून दाखवा, मग मी तुम्हाला लेखक म्हणेन.”

दोन वर्षांत त्यांनी ‘सराव’चं बटण अकरा वेळा दाबलं होतं. जिल्ह्याच्या कथास्पर्धेत सातवी ‘ब’ दोन्ही वर्षं पहिली आली होती.

बारावी वेळ ऋजुता आवटीची. ऋजुता म्हणजे तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसणारी, आई वारल्यापासून मुळातली गप्प आणखी गप्प झालेली मुलगी. तक्त्यावर तिच्या नावापुढं एकही टिकली नव्हती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ‘बंद जागा’ हा विषय दिला आणि तिची ‘टाकी’ नावाची कथा आली. दीड पान. शंभर टक्के तांबडी.

शंभर टक्के दोन वर्षांत जेमतेम तीनदा आले होते. बाईंनी स्टाफरूममध्ये उभ्यानंच वाचायला घेतली.

‘गच्चीवरची काळी टाकी रिकामी असते तेव्हा मी तिच्यात मावते. आधी पाय, मग हात वर करून बाकीची. झाकण लावलं की बाबा त्याच्यावर फुटक्या पाट्याचा अर्धा तुकडा ठेवतात. आतून ढकललं तर झाकण हलतं, पण उघडत नाही. खाली नळाच्या भोकातून वाटाण्याएवढा उजेड येतो. तो माझ्या गुडघ्यावरून घोट्यापर्यंत आला की एक तास झाला. शेवाळाचा वास येतो, पण थोड्या वेळानं येत नाही.’

आणि शेवट असा होता: ‘बाहेरून कुणी टकटक केली तर उत्तर द्यायचं नाही. दिलं तर अजून एक तास. बाबा कधी कधी मुद्दाम टकटक करून बघतात.’

सूचना वाजत होती. बाईंनी ऋजुताला बोलावून घेतलं.

“आधी करून बघितलंस होय गं हे?”

“व्हय बाई.”

“टाकीत उतरून?”

“व्हय.”

“एकटीनं असले उद्योग करायचे नाहीत हां. काही झालं म्हणजे?”

ऋजुतानं खाली बघितलं. “एकटी नव्हते. बाबा होते.”

“मग ठीक आहे,” पद्मजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ‘सराव’ दाबलं. वहीत हिरव्या शाईनं लिहिलं: ‘उजेडाचा तपशील सुंदर. शेवट फार छान.’ मग तक्त्यापाशी जाऊन एक नव्हे, दोन टिकल्या लावल्या.

महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी शाळेत वाचनसभा भरायची. निवडक कथा बाई स्वतः पालकांसमोर वाचायच्या, कारण मुलं घाईनं वाचून मातेरं करतात असं त्यांचं मत होतं. त्या शनिवारी पहिल्या रांगेत दीपक आवटी बसले होते. नवव्या गल्लीत त्यांचं पंप आणि पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचं दुकान, वर घर. शाळेचा फिल्टर त्यांनी फुकट बसवून दिला होता. तोंडात साखर असलेला माणूस, सगळ्यांना ‘बाई’, ‘सर’, ‘दादा’ करणारा.

बाईंनी ‘टाकी’ अगदी जीव ओतून वाचली. पाट्याच्या तुकड्यापाशी एक आई “अगंबाई” म्हणाली. टकटकीची ओळ संपली. पहिली टाळी आवटींनी वाजवली.

सभा संपल्यावर ते ऋजुताला घेऊन बाईंपाशी आले. “अंगावर काटा आला बघा. काय शिकवता वो बाई तुमी. आमच्या पोरीच्या डोक्यात एवढं असंल असं वाटलं न्हवतं.”

“तिनं दाखवली नव्हती तुम्हाला?”

“न्हाई की. आज इथंच ऐकली.” त्यांनी ऋजुताच्या मानेवर हात ठेवला. “चला, आता घरात बोलू कथेवर.”

ऋजुता बाईंकडे बघत होती. जाताना दारापर्यंत मागं वळून बघत होती. लाजलीय बिचारी, असं बाईंना वाटलं आणि त्यांना तिचं कौतुक वाटलं.

पुढच्या मंगळवारी ऋजुताची नवी कथा आली. ‘आमची नरसोबावाडीची सहल.’ बाबा तिला रविवारी वाडीला घेऊन गेले, बाबांनी बासुंदी घेऊन दिली, नावेत बसवलं, बाबा फार प्रेमळ आहेत. शून्य टक्के तांबडी. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत निळी.

बाईंचा विरस झाला. “काय गं, चढून एकदम घसरलीस? परत लिही बघू.”

“आता जमत नाही बाई,” ऋजुता म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

गुरुवारी मिरजेहून डॉ. अस्मा मुजावर आल्या. लेखणी ज्यांनी घडवली त्या गटातल्या त्या. आधी फोन आला होता: राज्यात ‘सराव’चा वापर सर्वांत जास्त तुमच्या वर्गात झालाय, बघायला यायचंय. पद्मजाबाईंनी ठेवणीतली इरकल काढली. मुख्याध्यापकांनी हार मागवला. आपल्या पद्धतीचं सगळीकडे नाव होणार, या आनंदात बाईंना दोन दिवस जेवण गोड लागत होतं.

प्रात्यक्षिक झकास झालं. मुलं बाकाखाली शिरली, वरून चादरी टाकल्या, दहा मिनिटं तशीच घुसमटली आणि मग ‘लिफ्टमध्ये अडकलो’ ही कथा लिहायला बसली. तिसऱ्या बाकावरची भिंतीकडची जागा रिकामी होती. ऋजुता आली नव्हती.

“पासष्ट टक्के, एकोणसत्तर, बासष्ट,” बाईंनी टॅब पुढं केला. “आणि यातलं कुणी कधी लिफ्टमध्ये अडकलेलं नाही. इथं लिफ्टा आहेत कुठं?”

डॉ. मुजावर पन्नाशीच्या, बुटक्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी टक्के बघितलेच नाहीत. एक कथा उघडून बोटानं ओळी खाली सरकवत गेल्या.

“बाई, तुम्ही नुसते टक्केच बघता?”

“म्हणजे?”

“हे बघा. ‘गुडघे छातीला लागले’, तांबडं. ‘मानेवर घाम आला’, तांबडं. ते आत्ता बाकाखाली झालं की. ‘लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली’, निळं. ‘वरून आई हाका मारत होती’, निळं. पोरानं जेवढं केलं तेवढं तांबडं, उरलेलं निळं. करून लिहिलेली कथा अशी येते, वाकळीसारखी. ठिगळाला ठिगळ.”

“पण बुडण्याची कथा?”

“पाणी नाकात गेलं ते तांबडं असणार. विहीर निळी असणार.”

पद्मजाबाईंनी टॅब स्वतःकडे ओढला. “सबंध तांबडी आली तर?”

“सरावानं सबंध तांबडी येत नाही,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “लेखणीला फसवता येत नाही असं नाही. शंभरात चार-पाच ओळी चुकतात. पण सबंध दीड पान एकाही निळ्या शब्दाशिवाय? आम्हाला अजून सरावाचं असं एकसुद्धा सापडलेलं नाही. म्हणून तर मी आले. तुमच्या नावावर अशी पानं आहेत.”

मुलं चादरींच्या घड्या घालत होती, हसत होती. बाईंनी मुलांना मैदानावर सोडलं आणि दार लोटून घेतलं. मग दोघींनी मिळून बारा कथा एकेक करून उघडल्या. आठ वाकळी निघाल्या. त्यांत चोर होते, भुतं होती, आग होती आणि जागोजाग निळं होतं. ते निळं बघून बाईंना दर वेळी हायसं वाटे.

उरलेल्या चारांत निळं नव्हतं.

चटक्याची कथा होती. ते पोरगं आता आठवीत होतं, रोज बाईंना नमस्कार करायचं. एका मुलीची काकाची कथा होती. एकानं आजीला जेवण न देण्यावर लिहिलं होतं. प्रत्येकीच्या समासात हिरवी शाई होती. ‘भाषा ओघवती.’ ‘वाचकाला हलवून सोडतेस.’ एके ठिकाणी तर ‘अजून थोडं वाढव’ असं लिहिलेलं होतं. कुठल्याशा गुरुजींनी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढून वही परत दिली होती, ती गोष्ट बाई दर वर्षी जूनमध्ये वर्गाला सांगायच्या आणि सांगताना त्यांचा आवाज रागानं कापायचा.

चौथी कथा ‘टाकी’ होती.

“ही आज आली नाही,” पद्मजाबाई म्हणाल्या. “आणि ही मी वाचली. तिच्या बापासमोर. मोठ्यानं.”

डॉ. मुजावरांनी ‘टाकी’ वाचली. मग त्याच मुलीची पुढची कथा उघडली, वाडीच्या सहलीची. “इथनं वाडी किती लांब?”

“अर्ध्या तासावर. इथं प्रत्येक जण कधी ना कधी गेलेला असतो.”

“मग एक तरी ओळ तांबडी यायला हवी होती. घाट, पायऱ्या, काहीतरी.” त्यांनी पुन्हा वरपासून ओळी सरकवल्या. “ही कुणीतरी सांगून लिहून घेतलीय. किंवा पोरीला कळलंय, तांबडं लिहून उपयोग नाही. निळ्याला सूचना वाजत नाही, बाई.”

पद्मजाबाईंना शनिवारची ती मागं वळून बघणारी मान आठवली. लाजणं नव्हतं ते. दारापर्यंत ती वाट बघत होती, बाई काहीतरी म्हणतील म्हणून. त्यांनी फोन काढला. आवाज त्यांनी नेहमीसारखा ठेवला.

“आवटी, मगदूम बाई बोलतेय. ऋजुता आली नाही आज?”

“व्हय बाई. सांगायचं ऱ्हायलंच बघा.” मागं पंपाची मोटर घरघरत होती. “वर हाय ती. गच्चीवर.”

“या उन्हात?”

“आता तुमीच शिकवलंय न्हवं, आधी करायचं, मग लिहायचं. सराव चाललाय तिचा.” आणि ते हसले, शाळेत हसायचे तसेच, अगदी मवाळ. “तुमच्या वाचनसभेपासनं लई लेखिका झालीया.”

घड्याळात सव्वा वाजला होता. बाहेर मैदानावर ऊन पांढरं पडलं होतं.

‘सराव’ दाबून दिलेलं प्रमाणपत्र मागं घ्यायचीही सोय होती, ती पद्मजाबाईंनी कधी वापरली नव्हती. टॅबवर मजकूर आला: ‘चुकीचे प्रमाणपत्र दिल्याबद्दल आपण कारवाईस पात्र ठराल. पुढे जायचे?’ एकोणीस वर्षांची नोकरी होती. ती गेली तर गेली, पण उद्या गावात लोक काय म्हणतील ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं, आणि ते खरंच असणार होतं. आठवीतलं ते पोरगं नमस्कार का करायचं, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांनी ‘हो’ दाबलं. दुसऱ्या कथेला ‘हो’. तिसऱ्या कथेला ‘हो’. चौथ्या वेळी अंगठा घामानं ओला झाला होता, पडदा दाद देईना. पदराला पुसून पुन्हा दाबावा लागला.

‘सूचना पाठवली आहे. कक्षाचे पथक सहा तासांत पोहोचेल.’

सहा तास. गुडघ्यावरून घोट्यापर्यंत एक तास.

“तुमची गाडी आहे ना?” पद्मजाबाईंनी विचारलं.

नववी गल्ली तीन मिनिटांवर होती. गाडीत डॉ. मुजावर पोलिसांना फोन लावत होत्या, पत्ता दोनदा सांगत होत्या. पद्मजाबाईंना एकच विचार होता, की दीड पानाची कथा आपल्याला पाठ आहे, कारण वाचनसभेसाठी आपण ती आरशासमोर चार वेळा म्हटली होती.

“तुम्ही दुकानात जा,” त्या म्हणाल्या. “फिल्टरचं काहीही विचारा. त्याला बोलायला फार आवडतं. जिना बाहेरून आहे.”

डॉ. मुजावर दुकानात शिरल्या. “या की ताई, बसा,” असा आवटींचा आवाज आला आणि पद्मजाबाई चपला हातात घेऊन जिना चढू लागल्या. आवाज न करता कसं चढायचं, हे त्यांनीच कितीतरी मुलांना शिकवलं होतं. पायरीच्या कडेला पाऊल टाकायचं, मध्यभागी नाही. पहिल्या मजल्यावर दाराला कुलूप होतं.

गच्ची रिकामी होती. दोरीवर शाळेचा गणवेश वाळत घातलेला, फरशी अशी तापलेली की पाय टेकवेना. कोपऱ्यात विटांच्या ओट्यावर काळी टाकी. तिच्या झाकणावर फुटक्या पाट्याचा अर्धा तुकडा होता.

पद्मजाबाई टाकीपाशी गेल्या. हात लावला तर चटका बसला. गुडघ्यांवर बसून त्यांनी खालच्या नळाच्या भोकाला डोळा लावला, पण आत नुसता अंधार होता. त्यांनी बोटांच्या पेरांनी टाकीवर टकटक केली.

“ऋजुता,” त्या हळूच म्हणाल्या. “मी आहे गं. बाई.”

काही नाही. खाली दुकानात मोटर सुरू झाली, बंद झाली. त्यांनी पुन्हा टकटक केली, जरा जोरात, आणि कान टाकीला लावला. कान भाजला तरी त्यांनी तो काढला नाही.

आतून कुणीच उत्तर दिलं नाही. एवढ्यावरून बाईंना कळलं की ती आत आहे. पदर खोचून त्या ओट्यावर चढल्या आणि दोन्ही हात त्यांनी दगडाला घातले.